मोजणी २३८ वर थांबते

'ज्युरासिक पार्क' (१९९३) लहानपणी केबलवर हिंदीत पाहिला तेव्हा टी-रेक्सला घाबरलो होतो. नोकरी लागल्यावर मायकेल क्रायटनची १९९०ची मूळ कादंबरी वाचली आणि एका प्रोग्रॅमला घाबरलो.

पार्कात २३८ प्राणी असायला हवेत, म्हणून तेवढे सापडले की संगणक मोजणी थांबवतो. माल्कम मोठा आकडा शोधायला लावतो, तेव्हा २९२ निघतात. प्राणी कधीचेच वाढले होते, कोणी विचारलंच नव्हतं. माल्कमची लांबलचक भाषणं कंटाळा आणतात, पण हे प्रकरण जबरदस्त आहे. स्पिलबर्गने ते गाळून अंड्यांची फुटकी टरफलं दाखवली. दिसायला छान, पण कथेतली सगळ्यात खरी गोष्ट गेली.

कारण डायनासोरचा डीएनए ही तर थापच. मोआ पक्ष्याच्या हाडांवरचा २०१२चा अभ्यास सांगतो, की सुमारे १३ अंश तापमानात २४२ अक्षरांचे निम्मे तुकडे ५२१ वर्षांत तुटतात. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गाळातला, सुमारे २० लाख वर्षांचा. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

मोजणीची चूक मात्र खऱ्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. प्राचीन डीएनएचे बारीक तुकडे जिवंत नातेवाइकाच्या जीनोमवर ठेवून जुळवतात. जे जुळत नाही ते बाजूला पडतं. म्हणजे नामशेष प्राण्याचं जे खास त्याचंच होतं, तेच निसटायची भीती. २०२५मध्ये 'डायर वुल्फ परत आला' अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल केले होते. नाव जुनं, प्राणी ओळखीचाच.

आमच्या हिंगणघाटहून वरोऱ्याकडे गेलं, की चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आहे. तिथे डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण मिळतं. डीएनए शून्य. पण त्याच शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडल्याचं २००५मध्ये जाहीर झालं. गवत इतकं जुनं असेल, असं तोवर फारसं कोणी धरत नव्हतं. अपेक्षित उत्तरावर थांबले असते, तर ते शेण शेणच राहिलं असतं.

मीही कामावर टेस्ट लिहितो. अपेक्षित आकडा आला की हिरवी खूण. हल्ली तिच्याकडे जरा जास्त वेळ बघतो. चित्रपट पाहिलाच असेल. आता कादंबरीतली ती मोजणी वाचा.