वजाबाकीतली माणसे

आपल्याकडे कुलवृत्तांत नावाचा एक ग्रंथप्रकार आहे. मूळ पुरुष, त्याचे गाव, कुलदैवत, शाखा, उपशाखा असा तो पानोपानी पसरत जातो, आणि ज्या कुळाचा असेल त्या कुळाबाहेर सहसा कोणी तो उघडून पाहत नाही. टीकाकार तर त्याच्या वाटेलाच जात नाहीत. तरीही आयरिश लेखकांची नाटके-कादंबऱ्या वाचताना मला नेहमी वाटत आले आहे की, वंशावळ आणि ललित वाङ्मय ही दोन सख्खी भावंडे आहेत. एकाचे शब्द जिथे संपतात तिथे दुसऱ्याचे काम सुरू होते. दोघांनी एकमेकांचे काम करायला घेतले की मात्र घोटाळा होतो. हा घोटाळा कसा होतो आणि थोर लेखक तो कसा टाळतात, याविषयी चार शब्द लिहावेत असा विचार आहे.

याकरिता आयर्लंडच का निवडावे? कारण घरातले एक तरी माणूस समुद्रापार गेले नाही असे कुटुंब त्या देशात शोधूनच काढावे लागेल. १८४१ च्या शिरगणतीत या बेटावर सुमारे ८२ लाख माणसे होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि जो गरीब शेतकरी जवळजवळ बटाट्यावरच जगत होता त्याच्या तोंडचा घास गेला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली. आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळ सरला तरी जाणे काही सरले नाही. जमिनीचे तुकडे पाडायचे नाहीत, शेत एकाच मुलाला द्यायचे, हुंडा एखाद्या मुलीपुरता जमवायचा, अशी रीत पडत गेली. मग उरलेल्यांनी करायचे काय? त्यांनी अमेरिकेची, कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची नाही तर इंग्लंडची वाट धरायची. थोरली बहीण अमेरिकेत कुणाच्या घरी मोलकरीण म्हणून राही, पैसे साठवून धाकट्या बहिणीचे तिकीट पाठवी. धाकटी आणखी धाकट्याचे. १९११ साली लोकसंख्या सुमारे ४४ लाखांवर आली होती. आजही सारे बेट मिळून १८४१ चा आकडा गाठला गेलेला नाही.

गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे आता आपली मुळे शोधायला येतात, आणि त्यांच्यापुढे पहिली अडचण येते ती राखेची. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स' या इमारतीतले सरकारी दप्तरखाने जळाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात गेले. पुढच्या चार शिरगणत्यांचे कागद तर सरकारने स्वतःच नष्ट केले होते. जन्ममृत्यूची सार्वत्रिक सरकारी नोंद सुरू झाली १८६४ साली. त्यामागे जायचे तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळायच्या, नाही तर रिचर्ड ग्रिफिथने १८४७ ते १८६४ या काळात छापलेली घराजमिनींच्या मूल्यमापनाची यादी पाहायची. या यादीत जमीन कसणाऱ्याचे नाव मिळते, मालकाचे नाव मिळते, क्षेत्र आणि कराची किंमत मिळते. बायकोचे नाव मिळत नाही; पोरांचे तर नाहीच.

पूर्ण हाती लागतात त्या १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या. १९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रीला एक प्रश्न होता: किती मुले जन्मली, आणि त्यांतली किती हयात आहेत? समजा एखाद्या माउलीपुढे लिहिले आहे की, दहा जन्मली, आठ हयात. आणि त्याच कागदावर घरात राहणाऱ्यांच्या यादीत मुले मात्र दोनच. मग सहा कुठे आहेत? कोणी शेजारच्या गावी नांदत असेल, कोणी शहरात नोकरीला असेल. पण पुष्कळांच्या बाबतीत या वजाबाकीत एक अख्खा महासागर सामावलेला असतो. तक्ता भरणाऱ्याने हे विचारले नाही आणि माउलीने सांगितले नाही. वंशावळीची हद्द इथे संपते.

ही हद्द ओलांडून मनाजोगता पूर्वज घडवू गेले की काय होते, याचा नमुना म्हणजे ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातले एलिस बेटावरचे ठाणे उघडले, आणि तिथे पहिली नोंद झाली ती कॉर्कहून आपल्या दोन धाकट्या भावांना घेऊन 'नेव्हाडा' बोटीने आलेल्या या मुलीची. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे बक्षीस मिळाले. त्याच दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता अशी हकीकत पसरली. तिच्यावर गाणे झाले. एलिस बेटावर आणि ती जिथून निघाली त्या कोव्ह बंदरात तिचे पुतळे उभे राहिले. पुढे ती पश्चिमेकडे टेक्ससला गेली, डॅनिएल ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याच्या वंशजाशी तिचे लग्न झाले आणि १९२३ साली रस्त्यावरच्या ट्रामखाली सापडून ती वारली, असे सगळे मानत. समारंभांना तिच्या वंशजांना आमंत्रणे जात.

२००६ साली मेगन स्मोलेन्याक या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कागद जुळवले, तेव्हा निघाले ते असे: टेक्ससची ॲनी मूर ही दुसरीच बाई, आणि तिचा जन्म अमेरिकेतच झालेला! खरी ॲनी उतरली त्या न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच आयुष्यभर राहिली. तो काही तिचा पंधरावा वाढदिवस नव्हता. ती सतरा वर्षांची होती. तिने जर्मन वंशाच्या एका साध्या माणसाशी लग्न केले. तिला अकरा तरी मुले झाली. त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. १९२४ साली ती वारली, आणि तिच्या थडग्यावर २००८ पर्यंत साधा दगडही नव्हता.

यात कोणी लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. टेक्ससच्या कुटुंबाने मनापासून विश्वास ठेवला. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, दोन ॲनींपैकी लोकांना जी पटली ती कथेसारखी होती: पश्चिमेचा प्रवास, थोर घराणे, अपघाती अंत. खरी ॲनी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड हलवत राहिली. स्थलांतरावरच्या पुष्कळ भावुक वाङ्मयाचा दोष हाच आहे. ते वंशजाला हवा तसा पूर्वज पुरवते. खरा लेखक काय करतो हे पाहण्यासाठी मी तीन कृती घेतो.

पहिली, युजीन ओनीलचे 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' हे नाटक. ओनीलचा बाप जेम्स लहानपणी आयर्लंडहून अमेरिकेत आला आणि नट म्हणून गाजला. नाटकातल्या बापाचे नाव आहे जेम्स टायरोन. टायरोन हा आयर्लंडचा परगणा, आणि ओनील घराण्यातले सरदार एके काळी तिथले अर्ल होते. घराण्याचा अभिमान नाटककाराने एवढाच, एका आडनावापुरता ठेवला. बाकी सारे नाटक विजेच्या दिव्यांभोवती फिरते असे म्हटले तरी चालेल! चांगला पैसेवाला हा नट घरात जास्तीचा दिवा जळू देत नाही. बायकोला स्वस्तातला डॉक्टर आणून तो तिला मॉर्फिनच्या व्यसनात लोटतो, आणि क्षयी मुलासाठीही स्वस्तातले रुग्णालय शोधतो. चौथ्या अंकात तो मुलाला सांगतो की, बाप आम्हांला परमुलखात टाकून आयर्लंडला मरायला गेला, दहाव्या वर्षी मी कारखान्यात राबलो, घरातून आम्हांला बाहेर काढले. रागाने लावलेले दिवे तो सांगून झाल्यावर पुन्हा एकेक करून मालवतो. दुष्काळाच्या पिढीची भीती दोन पिढ्यांनंतर बटणावरच्या बोटात उतरलेली असते, हे कोणत्या वंशावळीत लिहिलेले सापडेल?

नाटकात पाल्हाळ आहे. एकच गोष्ट तीनतीनदा येते. पण घरातली भांडणे अशीच असतात, हे ज्याचे घर आहे तो कबूल करील. आणि लेखकाला हे लिहिणे किती जड गेले असेल! १९४१ साली पुरे झालेले हे नाटक आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे उघडू नये, अशी त्याची इच्छा होती. तो १९५३ साली वारला आणि त्याच्या पत्नीने १९५६ सालीच ते बाहेर आणले. तिने योग्य केले की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. घरातले सत्य सांगायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात आहे. वाचक म्हणून मी तिचा ऋणी आहे; मुलगा म्हणून विचार करू लागलो तर तेवढा निःशंक राहत नाही.

दुसरी कृती, ब्रायन फ्रीलचे १९६४ साली डब्लिनमध्ये रंगभूमीवर आलेले 'फिलाडेल्फिया, हिअर आय कम!'. गार हा पंचवीस वर्षांचा तरुण उद्या सकाळी अमेरिकेला निघायचा आहे. आई त्याच्या जन्मानंतर तीनच दिवसांत गेलेली. बाप वाणसामानाचा दुकानदार आणि बोलायला महाकंजूष. गारची भूमिका दोन नट करतात: एक लोकांना दिसणारा, दुसरा त्याच्या मनातला. ही युक्ती कधी कधी फार चटपटीत होते आणि मनातला गार थोडा जास्तच विनोदी बोलतो, एवढी तक्रार करून मी पुढे जातो. कारण शेवटच्या रात्रीच्या प्रसंगापुढे कोणतीही तक्रार टिकत नाही.

गारला लहानपणचा एक दिवस आठवतो. निळ्या होडीत बाप आणि तो मासे धरत होते आणि बाप गाणे गात होता. जाण्यापूर्वी तो धीर करून बापाला ते विचारतो. बापाला होडी आठवते ती वेगळ्याच रंगाची. आणि गाणे तर आपल्याला येतच नव्हते असे तो म्हणतो. गार निघून जातो. मग बाप घर सांभाळणाऱ्या मॅजला आपली आठवण सांगतो: खलाशी पोशाखातला लहानगा गार आपले बोट धरून शाळेला निघाला होता. मॅज म्हणते, असला पोशाख त्याला कधी नव्हताच. दोघांनीही एकमेकांवरचे प्रेम अशा आठवणीत जपले आहे, की जिला साक्षीदार नाही! आठवण खरी की खोटी याचा निवाडा फ्रील करीत नाही. तो पुरावा गोळा करायला बसला नाही, आणि त्याने बापलेकांना गळ्यात पडून रडायलाही लावले नाही. शेवटी मनातला गार दुसऱ्याला विचारतो की, जायलाच हवे का? त्याला उत्तर देता येत नाही. शंभर वर्षांनी वंशजाने दप्तरे चाळून पूर्वज का गेला याचे कारण शोधावे, आणि जाणाऱ्यालाच ते ठाऊक नसावे, यातली करुणा फ्रीलने ओळखली.

तिसरी, कोल्म टोबीनची २००९ सालची 'ब्रुकलिन' ही कादंबरी. तिची नायिका आयलिश लेसी १९५० च्या सुमारास एनिस्कॉर्थी या लहान गावाहून अमेरिकेला जाते. जाण्याची सारी व्यवस्था तिची थोरली बहीण रोझ करते. भाऊ इंग्लंडला गेलेले. आता आईपाशी कोणी तरी राहायला हवे, ती रोझ राहते. रोझ एकाएकी वारते तेव्हा कळते की हृदयाचे दुखणे तिने घरात कोणाला कळू दिले नव्हते. आयलिशही आपल्या पत्रांत घराच्या आठवणीने आलेले रडू लिहीत नाही. पत्रे दोन्ही बाजूंनी जातात आणि दोन्ही बाजूंनी मुख्य गोष्ट वगळली जाते. टोबीनची भाषा इतकी साधी आहे की प्रथम वाचताना कोणाला ती सपक वाटेल. पण ती सपक नाही. ती त्या पत्रांचीच भाषा आहे.

अमेरिकेत गुपचूप लग्न करून आयलिश गावी परतते आणि तिथेच रमू लागते. तेव्हा ब्रुकलिनच्या घरमालकिणीकडून गावच्या दुकानदारणीला तिचे गुपित कळते. हा योगायोग ओढून आणला आहे, असे काही वाचक म्हणतील. मला तसे वाटत नाही. बहिणीने बहिणीचे तिकीट काढावे आणि चुलतीने भाचीला बिऱ्हाड शोधून द्यावे अशाच साखळीने माणसे समुद्रापार गेली. त्याच साखळीवरून चहाड्या परत आल्या तर त्यात नवल काय? शेवटी आयलिशला पुन्हा निघावे लागते. आई तिला आज रात्रीच निरोप देते, सकाळी उठून पाहायचे नाही म्हणून आपल्या खोलीत जाऊन पडते. आयर्लंडात पूर्वी अमेरिकेला जाणाऱ्यासाठी, मेलेल्या माणसासाठी जागवतात तशी रात्र जागवीत. टोबीनने ती रात्र एका बंद दाराआड नेऊन ठेवली आहे.

या तिघांत मी फ्रीलला पहिला मान देईन. ओनील सगळे सांगून टाकतो, टोबीन पुष्कळसे गिळून टाकतो. फ्रील मात्र सांगणे आणि न सांगणे ही दोन्ही एकाच रंगमंचावर शेजारी उभी करतो. पण एक गोष्ट तिघांतही समान आहे. तिघांनीही मागे राहिलेल्यांना विसरू दिलेले नाही. वंशावळ शोधणारा बहुधा गेलेल्यांचा वंशज असतो. त्याला बोट दिसते, बंदर दिसते, ॲनीचा पुतळा दिसतो. त्याच पानावर घरात उरलेली दोन मुले, दुकानात बसलेला बाप, दार लावून पडलेली आई हीही असतात. ती कोणत्याही बोटीच्या यादीत येत नाहीत, म्हणून कोणी त्यांना शोधत नाही.

सणाला चार माणसे एकत्र जमली असता फ्रीलचे नाटक मोठ्याने वाचून पाहावे, असे मी सुचवीन. दोन गार दोघांनी वाचावेत. आणि बापाचे काम घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला द्यावे. त्याला फारशी वाक्ये नाहीत, पण नाटक त्याच्यावर उभे आहे.