मारुती आला, पण कशाला?

सीक्वेल पडला की आपण म्हणतो, 'पहिल्याची सर नाही.' 'रिटर्न ऑफ हनुमान'बद्दल एवढं म्हणून भागत नाही. या सिनेमाकडे पहिल्यापेक्षा चांगली कल्पना होती. म्हणूनच तो जास्त खटकतो.

व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा 'हनुमान' २००५ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि पोरांनी डोक्यावर घेतला. तो साधा होता. जन्मापासून लंकेपर्यंतची आजीकडून ऐकलेली गोष्ट त्याने सरळ सांगितली. २००७ च्या डिसेंबरअखेर सीक्वेल आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप! त्याच वर्षी त्याचे 'ब्लॅक फ्रायडे' आणि 'नो स्मोकिंग' आले होते. असा माणूस लहान मुलांचा विनोदी अॅनिमेशनपट करतोय म्हटल्यावर अपेक्षा वाढणारच.

कल्पना अशी : शाळेत एका मुलाला दांडगी पोरं छळतात. स्वर्गातून हनुमान ते पाहतो आणि माणूस म्हणून जन्म घ्यायचं ठरवतो. ब्रह्मदेव परवानगी देतो, पण करार करून. मग बजरंगपूर नावाच्या गावात पुजाऱ्याच्या घरी मारुती जन्मतो. ज्याच्या मूर्तीला गाव नमस्कार करतं, तोच दप्तर घेऊन शाळेत निघालाय. एवढ्यावर दोन तास हसवता आलं असतं.

सुरुवातीला हसूही येतं. स्वर्गातला ऑफिससारखा कारभार, मारुतीची भूक, भांबावलेले आईवडील, हे सगळं गमतीचं आहे. पुढे मात्र सिनेमाला धीर निघत नाही. हिंदी सिनेमाची विडंबनं येतात, राहू-केतू येतात, शुक्राचार्य येतो, प्रदूषण येतं, आणि शेवटी मोठी हाणामारी. ज्या पोरासाठी देव खाली उतरला, ते पोर या गर्दीत कधी मागे पडतं ते कळतही नाही.

'श्रेक'मध्येही असे चालू काळातले विनोद खच्चून भरलेत, तरी तो टिकला. तिथला प्रत्येक विनोद परीकथेच्या एकाच खोटेपणाला टोचतो : सुंदर दिसणारेच चांगले असतात. इथला विनोद कशालाच टोचत नाही. देवाच्या दरबारात आजच्या वस्तू आल्या, हसा. हसलो. पुढे?

देवाची थट्टा केली म्हणून मी रागावलेलो नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात गावोगावी मारुतीचं देऊळ आहे. शनिवारी त्याला तेल आणि रुईच्या पानांची माळ, आणि एरवी त्याच पारावर पोट्टे पत्ते कुटतात. वर्धा शहरात तर आख्खी टेकडीच हनुमानाच्या नावाची. त्याच्याशी आमची सलगी जुनी आहे. थट्टेने तो दुखावत नाही.

माझी तक्रार गोष्टीबद्दल आहे. हनुमानाच्या कथेचा कणा त्याची ताकद नाही, त्या ताकदीचा विसर आहे. खोड्यांना कंटाळून ऋषींनी शाप दिला : कुणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझं बळ आठवणार नाही. समुद्रकिनारी सगळी वानरसेना हताश बसली असताना जांबवंत त्याला ती आठवण देतो, आणि मग उड्डाण. लहान मुलांसाठी याहून मोलाची गोष्ट क्वचितच सापडेल.

आता सीक्वेलकडे बघा. मार खाणारं, स्वतःला कमी समजणारं एक पोर समोर आहे आणि ज्याला एकदा कुणीतरी आठवण करून दिली होती तोच त्याच्या शेजारी आलाय. यावेळी जांबवंत व्हायची पाळी हनुमानाची होती. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याने म्हणायचं, 'आता तू उठ.' त्याऐवजी मारुती स्वतःच सगळ्यांना पुरून उरतो. कमजोर पोरगा प्रेक्षक बनतो, पडद्यातला आणि पडद्याबाहेरचाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मीही किरकोळ अंगाचा होतो. टीव्हीवर हा सिनेमा लागला की आम्ही हमखास बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली दांडगी पोरंच मारुती व्हायची. सिनेमाने त्यांना ठोसे दिले. माझ्यासारख्याला द्यायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

२००८ मध्ये 'छोटा भीम' टीव्हीवर आला आणि लाडू खाऊन ठोसे मारणाऱ्या पोराचा साचा पक्का झाला. तेव्हापासून आपलं बरंचसं अॅनिमेशन त्याच साच्यातून निघतं : एक बलवान, बाकीचे टाळ्या वाजवणारे. चित्रं आता गुळगुळीत झालीत, पैसाही आलाय. पण मार खाणाऱ्या पोराला नायक करायची हिंमत अजून फारशी दिसत नाही. 'रिटर्न ऑफ हनुमान'ला ती संधी पहिल्याच दहा मिनिटांत मिळाली होती. ती घेतली असती, तर पुढच्या अनेक कार्टूनांना वेगळी वाट सापडली असती.