शास्त्रीय नवलांचें वाङ्मय

आपल्या मासिकांतून व दैनिकांतून 'विज्ञानांतील नवलें' अशा कांहीं मथळ्याखालीं जो मजकूर छापला जातो, त्याची गणना वाङ्मयांत करावी असें कोणी म्हटल्यास पुष्कळांस हंसूं येईल. कविता, नाटक व कादंबरी यांची चिकित्सा करण्यांत ज्यांचा जन्म गेला, ते या आठदहा ओळींच्या सदरांकडे वळूनही पाहत नाहींत. ही उपेक्षा आम्हांस अयोग्य वाटते. सुशिक्षित घरांत काव्यसंग्रह क्वचित् उघडला जातो. हें सदर मात्र आजोबांपासून शाळकरी मुलीपर्यंत सर्वजण वाचतात. जें वाङ्मय इतक्यांच्या बुद्धीला वळण लावतें, त्याचे गुणदोष पाहणें हें टीकाकाराचें कर्तव्यच आहे.

प्रथम गुण सांगणें न्यायाचें होईल. दिवसभराच्या व्यवहारानें शिणलेल्या मनुष्यास हें जग आपल्या कचेरीहून व बाजाराहून विस्तीर्ण आहे याची आठवण हीं सदरें करून देतात, आणि ती सेवा लहान नव्हे. आमचा आक्षेप त्यांनीं नवल सांगण्यास नाहीं. नवल सांगण्याच्या रीतीस आहे.

आपल्या साहित्यशास्त्रांत अद्भुतरसाचा स्थायिभाव विस्मय हा सांगितला आहे. काव्यांत विस्मय उत्पन्न झाला कीं कवीचें कार्य झालें. मारुतीनें द्रोणागिरि उचलला तो कोणत्या बळानें, असें कथेच्या मध्येंच विचारणाऱ्यास आपण रसिक म्हणत नाहीं. शास्त्राची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें विस्मय हा केवळ आरंभ असून 'हें कशावरून?' हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आलाच पाहिजे. तो आला नाहीं, तर शास्त्राची वार्ता आणि पुराणांतील चमत्कार यांत वाचकाच्या दृष्टीनें कांहींच अंतर उरत नाहीं. शिवाय काव्यांतील अद्भुत कारण विचारतांच विरून जातें; सृष्टींतील अद्भुत मात्र कारण कळल्यावर अधिकच वाढतें. आपलीं नवलसदरें शास्त्राची वार्ता काव्याच्या रीतीनें सांगतात, हा त्यांचा मुख्य दोष होय. त्यांत निष्कर्ष तेवढा येतो. त्यापूर्वीं लोक काय मानीत होते, ती समजूत कोणत्या पुराव्यानें मोडली, आणि नव्या पुराव्याची मजल कोठपर्यंत आहे, हीं तीन अंगें गळून पडतात. याचीं उदाहरणें शोधण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांतच तीं विपुल आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोरा तालुक्यांत पिसदुरा नांवाचें एक लहानसें गांव आहे. ज्यांचें नांव नागपुरांतील एका महाविद्यालयास दिलेलें आहे, त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें १९ व्या शतकाच्या मध्यास या सर्व प्रदेशांतील जीवाश्म गोळा करण्यास आरंभ केला. पिसदुऱ्याच्या परिसरांत डायनासोरांचीं हाडें तर मिळतातच, पण त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळतात. मॅटली या भूशास्त्रज्ञानें १९३९ सालीं या गोळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. पुढें २००५ सालीं वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक सहानी यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत असें दाखवून दिलें कीं, या गोळ्यांत गवताचे अवशेष आहेत.

हें ऐकून सामान्य वाचक म्हणेल कीं, जनावराच्या शेणांत गवत निघालें यांत नवल तें काय? त्याचें म्हणणें रास्तच आहे. कारण पूर्वीची समजूत त्याला कोणी सांगितलेलीच नाहीं. समजूत अशी होती कीं, गवताचा विस्तार डायनासोरांच्या नाशानंतर झाला. गवताचे निःसंशय अवशेष सुमारें साडेपांच कोटी वर्षांच्या पलीकडचे मिळाले नव्हते, आणि पिसदुऱ्याचे गोळे तर सुमारें साडेसहा ते सात कोटी वर्षांचे! डायनासोराच्या पायाखालीं हिरवळ रंगविणारा चित्रकार तोंवर चुकला असेंच मानीत. आतां पुरावा पाहूं. गवताच्या पेशींत सिलिकेचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, सूक्ष्म कण जमतात. गवत कुजून गेलें तरी हे कण टिकतात, आणि त्यांच्या आकृतीवरून गवताचें कूळ ओळखतां येतें. या गोळ्यांत किमान पांच प्रकारच्या गवतांचे कण सांपडले; अर्थात् गवताच्या वंशांत त्या काळींच शाखा फुटून चुकल्या होत्या. २०११ सालीं याच दिशेनें झालेल्या पुढील संशोधनांत भाताच्या वंशाचा उगमही त्या प्राचीन काळापर्यंत मागें नेण्यांत आला.

हीच वार्ता 'डायनासोर भात खात होते' अशा धर्तीच्या मथळ्यानें दिली, म्हणजे ती चटकदार होते, परंतु खरी राहत नाहीं. तो आपल्या ताटांतील भात नव्हे. त्याच्या वंशाचा अतिप्राचीन आप्त होय. शिवाय गवत हा त्या प्राण्यांच्या आहाराचा थोडाच अंश होता. सूचिपर्णी वृक्ष, ताडाच्या जातीचीं झाडें इत्यादींचे अवशेषही त्याच गोळ्यांत आहेत. आणि ज्याचें खरें कौतुक वाटावें, तें तर मथळ्यांत येतच नाहीं. जे गोळे १९३९ पासून विद्वानांस ठाऊक होते, त्यांना ६६ वर्षांनीं कोणी एक नवा प्रश्न विचारला, आणि पृथ्वीच्या इतिहासांतील एक प्रकरण बदललें.

पिसदुऱ्याच्या उदाहरणांत एक समजूत एकदांच मोडली. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराविषयीं समजुती एकामागून एक बदलत आल्या आहेत. लवणासुराचा विष्णूनें वध केला ती ही जागा, अशी लोककथा आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या सरोवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घ काळ विद्वान् त्यास ज्वालामुखीची कृति समजत होते. ती समजूत मूर्खपणाची नव्हती. सारें दख्खन लाव्हारसाच्या थरांनीं बनलेलें. तेव्हां त्यांतील सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या वाटोळ्या खळग्याचें कारण दुसरें कोणतें सुचावें? परंतु खळग्याच्या तळाशीं छिद्रें घेऊन काढलेल्या दगडांत एक खनिज, न वितळतांच, कांचेसारखें झालेलें आढळलें. असा फेरफार ज्वालामुखीच्या उष्णतेनें होत नाहीं. त्यास प्रचंड आघाताचाच दाब लागतो. १९७३ सालीं हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि लोणार हें उल्कापाताचें विवर ठरलें.

पुढें त्याच्या वयाचा प्रश्न आला. एका पद्धतीनें तें सुमारें ५० हजार वर्षांचें ठरलें. २०११ सालीं दुसऱ्या पद्धतीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षांचें. येथें आम्हांस आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. विद्यार्थ्यांना सहलीस लोणारला नेण्याचा प्रसंग आम्हांवर अनेकदां आला, आणि काठावर उभे राहून आम्ही दर वेळीं मोठ्या आत्मविश्वासानें '५० हजार वर्षें' असें सांगत आलों. २०११ नंतरही कांहीं वर्षें सांगत होतों. तो आंकडा आम्हीं एका नवलसदरांतून उचलला होता. तो कसा काढला व त्यांत चुकीस कितपत जागा आहे हें तेथें लिहिलेलें नव्हतें, आणि आम्हींही विचारलें नाहीं. ज्या आंकड्यामागें रीत ठाऊक नसते, तो बदलला तरी आपल्याला पत्ता लागत नाहीं, हें आम्ही अशा रीतीनें स्वतःच्या खर्चानें शिकलों.

जून २०२० मध्यें याच सरोवराचें पाणी गुलाबी झालें आणि त्याचीं चित्रें देशभर फिरलीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून सांगितलें कीं, हा रंग अतिशय खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. पाणी आटून खारेपणा वाढला, तसे ते बळावले. नमुना स्थिर ठेवला असतां रंगीत द्रव्य तळाशीं बसलें आणि वरचें पाणी स्वच्छ झालें. किती साधी ही परीक्षा! शाळेंतील मुलालाही तिचें मर्म कळेल. परंतु गुलाबी पाण्याचें चित्र ज्या शेंकडों लोकांनीं आम्हांस दाखविलें, त्यांपैकीं या परीक्षेची गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती.

पहिल्या दोन उदाहरणांत जुनी समजूत प्रामाणिक होती. तिसऱ्यांत ती लबाडीनें निर्माण झाली होती. रानपिंगळा हा मध्य भारतांतील एक लहान घुबडाच्या जातीचा पक्षी. १८८४ नंतर तो कोणास निश्चितपणें दिसला नव्हता, आणि तो नष्ट झाला असावा असेंच बहुतेकांस वाटत होतें. संग्रहालयांत त्याचे पेंढा भरलेले नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकीं एकावर १९१४ सालची व गुजराथेंतील स्थळाची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर मायनर्ट्झहागेन या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाचें नांव होतें. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां असें दिसून आलें कीं, तो जेम्स डेव्हिडसन यांनीं पूर्वींच्या शतकांत मिळविलेला नमुना संग्रहालयांतून चोरून, त्याची डागडुजी करून, खोट्या चिठ्ठीसह परत ठेवण्यांत आला होता. अर्थात् त्या चिठ्ठीच्या भरंवशावर पक्षी शोधणारे भलत्याच ठिकाणीं शोधीत होते. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनीं खऱ्या जुन्या नोंदींचीं स्थळें धुंडाळण्याचें ठरविलें, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं खानदेशांत शहाद्याजवळ त्यांस रानपिंगळा जिवंत दिसला. पुढें आमच्या विदर्भांतील मेळघाटांतही तो असल्याचें आढळून आलें.

'११३ वर्षांनीं पक्षी पुन्हां दिसला' एवढें सांगितलें, तर तें दैवयोगाचें आख्यान होतें. वस्तुतः या शोधाचा आरंभ अरण्यांत झालेला नाहीं. संग्रहालयाच्या खणांत, एका मोठ्या नांवावर शंका घेण्यांत झालेला आहे. मोठ्या नांवापुढें 'कशावरून?' असें विचारण्याचें हें धैर्य वाचकाच्या दृष्टीस पडूं नये, ही मोठीच हानि होय.

यावर संपादक म्हणतील कीं, जागा थोडी, वाचकाला सवड थोडी. पुराव्याचें ओझें तो वाहणार नाहीं. ही सबब आम्हांस पटत नाहीं. पिसदुऱ्याची वार्ता पुढीलप्रमाणें देतां येईल: 'गवताचा विस्तार डायनासोरांच्या नाशानंतर झाला, अशी समजूत होती. पिसदुरा येथें मिळालेल्या त्यांच्या दगड झालेल्या विष्ठेंत गवताचे सिलिकाकण सांपडल्यामुळें ती सोडून द्यावी लागली. कणांच्या आकृतींवरून किमान पांच प्रकारचीं गवतें ओळखतां आलीं. तथापि गवत हा त्या प्राण्यांच्या आहाराचा थोडाच भाग होता.' हीं अवघीं चार वाक्यें आहेत. त्यांत तिन्ही अंगें आलीं आणि नवलही उणें झालें नाहीं. उणीव जागेची नाहीं, संवयीची आहे.

आणि संवयीचा परिणाम सदरापुरता राहत नाहीं. आमच्या प्रताप नगरांत एक निवृत्त अभियंते आहेत. शास्त्रीय नवलांचीं कात्रणें वर्षानुवर्षें वहींत चिकटवून ठेवण्याचा त्यांस छंद. मध्यंतरीं कोणत्याशा झाडाच्या पाल्यानें मधुमेह समूळ जातो, असा मजकूर त्यांच्या भ्रमणध्वनीवर आला आणि त्यांनीं गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनीं त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. सुदैवानें ते बरे होऊन घरीं आले. समाचारास गेलों असतां त्यांनीं ती वही आमच्या हातीं दिली. लोणारच्या गुलाबी पाण्याच्या कात्रणासमोरच्याच पानावर त्यांनीं तो पाल्याचा मजकूर उतरून ठेवला होता. आम्हीं दोन्ही वाचून पाहिले. एक खरा आणि एक खोटा; पण सांगण्याची धाटणी अगदीं एक. दोहोंतही निष्कर्ष होता, विस्मय होता, आणि कशावरून हें कोठेंच नव्हतें. या दोहोंत निवड त्या सुशिक्षित गृहस्थानें कशाच्या आधारें करावी?

मराठींतील शास्त्रीय लेखनाची परंपरा तरुण नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दिग्दर्शन' १८४० सालीं निघालें, 'विविधज्ञानविस्तार' १८६७ सालीं, आणि केवळ शास्त्रविषयांस वाहिलेलें 'सृष्टिज्ञान' १९२८ सालीं. त्या काळीं मराठींत पारिभाषिक शब्दांचीही वाण होती. तरी त्या मंडळींनीं वाचकास नुसतें थक्क करण्याऐवजीं समजावून देण्याचा हेतु धरला. आज शब्द आहेत, चित्रें आहेत, आणि वाचकही पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक आहेत. तेव्हां नवलाच्या प्रत्येक वार्तेबरोबर 'हें कशावरून कळलें' याचें एक तरी वाक्य छापावें, एवढीच आमची संपादकांस विनंति आहे. तें वाक्य नसेल तेथें वाचकांनींच पत्र लिहून तें मागावें. उपर्युक्त गृहस्थांनीं वही पुन्हां सुरू केली आहे, आणि प्रत्येक कात्रणाखालीं आतां एक ओळ ते कोरी सोडतात.