अर्ध्या पंखाचा उपयोग काय?

उत्क्रांतीचा पाठ शिकवताना एक प्रश्न कधी ना कधी येतोच. पूर्ण पंख उडण्याच्या कामी येतो. पण तो एका दिवसात तयार झाला नसणार. मग अर्धवट पंखाचा त्या प्राण्याला उपयोग काय? असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसवू नये. सेंट जॉर्ज मिव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८७१ साली डार्विनपुढे अशाच स्वरूपाचा आक्षेप मांडला होता आणि डार्विनला त्याची सविस्तर दखल घ्यावी लागली होती.

या प्रश्नाला प्रयोगाने भिडणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील मोंटाना विद्यापीठाचे केनेथ डायल. त्यांच्या कामाचे मोल आणि मर्यादा या दोन्हींचा विचार येथे करावा असे आम्हाला वाटते.

डायल यांची पद्धत सरळ आहे: आधी हालचाल मोजायची, मग तिचा अर्थ लावायचा. १९८८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वातबोगद्यात उडणाऱ्या स्टार्लिंग पक्ष्यांचे क्ष-किरणांनी चित्रीकरण केले. दोन्ही खांद्यांमधले चिमट्यासारखे हाड पंख खाली येताना फाकते आणि वर जाताना पूर्ववत होते, म्हणजे ते स्प्रिंगसारखे वागते, हे त्यातून दिसले.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम २००३ सालचे, आणि त्यातला पक्षी आपल्या परिचयाचा आहे. आपल्या कवींनी ज्याला चांदण्यावर जगवले तो चकोर! हिमालयाच्या उतारांवर राहणारा हा पक्षी शिकारीसाठी अमेरिकेत नेला गेला. डायल यांना दिसले की उंच जागी जायचे असता चकोर पुष्कळदा उडत नाही. पंख फडफडवत चढण धावत चढतो. न उडणारी पिल्लेही हेच करतात. मोठे पक्षी तर उभ्या चढणीवरही धावतात. पिसे कापली की मात्र तीव्र चढण पिल्लांना जमत नाही. मोजमापांवरून कळले की या फडफडीचे बल अंशतः शरीराला पृष्ठभागाकडे दाबते. त्यामुळे पायांची पकड वाढते. शर्यतीच्या मोटारीचा मागचा आडवा पंखा तिची चाके रस्त्यावर दाबून धरतो, तसाच हा प्रकार.

म्हणजे अर्धवट पंख निरुपयोगी नसतो, याचा जिवंत पुरावा मिळाला. हे यश निर्विवाद आहे.

डायल येथे थांबले नाहीत. पिसे असलेले थेरोपॉड डायनोसॉरही असेच चढण चढत असावेत आणि त्यातूनच उड्डाण उगवले असावे, असे त्यांनी सुचवले. आमची शंका सुरू होते ती येथे. पिल्लू म्हणजे पूर्वज नव्हे. चकोराच्या पिल्लाचा पंख अपुरा असला, तरी तो फडफडवणारी मज्जासंस्था कोट्यवधी वर्षांच्या उड्डाणाचा वारसा आहे. हा वारसा डायनोसॉरपाशी होता असे गृहीत धरणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच आधी मानणे होय.

जीवाश्मांची साक्षही संमिश्र आहे. आर्किऑप्टेरिक्सच्या खांद्याची ठेवण पाहता त्याला पंख पाठीच्या वर नेता येत नसावा, असे २००६ मध्ये मांडले गेले. त्यावर डायल यांच्या गटाचे उत्तर असे की, अपक्व सांगाड्याची पिल्लेही मोठ्यांसारखीच फडफड करू शकतात. उत्तर दमदार आहे. पण २०१६ मध्ये अनेक पिसेधारी डायनोसॉरांची गणिते मांडली गेली, तेव्हा पक्ष्यांच्या अगदी जवळचे मोजके प्राणी सोडता इतरांना अशा फडफडीचा फारसा लाभ झाला नसता असे निघाले. त्यांच्यात पिसे आधी कशासाठी आली, हा प्रश्न उरतोच.

ही चर्चा केवळ तज्ज्ञांची नाही. चढण धावणाऱ्या डायनोसॉरचे आकर्षक चित्र फळ्यावर काढून ‘उड्डाण असे सुरू झाले’ असे आपण सांगितले आणि उद्या ते चुकीचे ठरले, तर विद्यार्थी केवळ ते चित्र नाकारणार नाही; उत्क्रांतीच खोटी, असे म्हणेल. म्हणून दोन विधाने वेगळी ठेवावीत. अर्धवट पंख उपयोगी असू शकतो, हे प्रयोगाने दाखवलेले आहे. पक्ष्यांचे पूर्वज नेमक्या याच वाटेने गेले, हे अजून अनुमान आहे.

आमच्या मते डायल यांचे खरे देणे त्यांच्या निष्कर्षापेक्षा त्यांच्या पद्धतीत आहे. ‘उपयोग काय?’ या प्रश्नावर वाद घालत न बसता त्यांनी पिल्लू चढणीवर सोडले आणि पाहिले. हे गावातही करता येते. गावठी कोंबडीची पिल्ले आईमागे खुराड्याच्या फळीवर चढताना त्यांना न डिवचता मुलांना पाहू द्या. पंख केव्हा हलतात, फळी अधिक तिरकी केल्यावर काय होते, हे त्यांनी रोज वहीत टिपावे. जे दिसले आणि जे त्यावरून वाटले, त्यांचे रकाने मात्र वेगळे असू द्यावेत.