दोन विषाणूंची स्पर्धा : एका संगणकीय प्रात्यक्षिकाची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे एक प्रात्यक्षिक आता बऱ्यापैकी परिचित झाले आहे. काल्पनिक लोकसंख्येचे संसर्गक्षम, बाधित आणि बरे झालेले असे तीन गट करावयाचे, तीत एकाच विषाणूचे दोन उपप्रकार सोडावयाचे आणि कोणता उपप्रकार वरचढ ठरतो ते आलेखावर पाहावयाचे. आज्ञावली लहान आहे, आलेख देखणा येतो आणि प्रात्यक्षिक-वहीत निष्कर्ष उमटतो : 'अधिक सक्षम उपप्रकार विजयी होतो.' प्रस्तुत लेखाचा आक्षेप आज्ञावलीवर नाही. तो या निष्कर्षावर आहे. कारण हा निष्कर्ष प्रयोगातून निघत नाही, तो गृहीतकांतच आधी पेरलेला असतो.

या प्रारूपाचे मूळ कर्मॅक व मॅकेन्ड्रिक यांच्या 1927 च्या निबंधात आहे. मॅकेन्ड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत होते, आणि त्या निबंधात सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी घेतलेली आकडेवारी 1905-06 मधील मुंबईच्या प्लेगची होती. साप्ताहिक मृत्यूंशी वक्ररेषा उत्तम जुळली. परंतु प्लेग उंदीर व पिसवांमार्फत पसरतो, ऋतुमानानुसार चढतो-उतरतो. माणसाकडून माणसाकडे सरळ जाणारा संसर्ग हे त्याचे प्रारूपच नव्हे. निकोला बाकाएर यांनी 2012 मध्ये हीच विसंगती तपशिलाने मांडली. आलेख जुळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, याचे इतके बोलके उदाहरण आपल्याच प्रांतात असताना ते या प्रात्यक्षिकासोबत सांगितले जात नाही, हे नवल होय.

मुख्य प्रश्न आगमनाच्या क्रमाचा आहे. एक बाधित व्यक्ती सरासरी दोघांना संसर्ग देते असा पहिला उपप्रकार आणि तिघांना देते असा दुसरा उपप्रकार घेऊ. एकाची बाधा दुसऱ्यापासून पूर्ण संरक्षण देते, असेही मानू. पहिल्याची साथ एकटीच येऊन ओसरली तर सुमारे 20 टक्के लोक बाधेविना उरतात. दुसऱ्याला पसरण्यासाठी मात्र एक-तृतीयांशाहून अधिक लोक संसर्गक्षम असावे लागतात. म्हणजे तो उशिरा आला तर 'सक्षम' असूनही त्याची साथ उभी राहत नाही. प्रात्यक्षिकात दोन्ही उपप्रकार एकाच दिवशी सुरू केले जात असल्यामुळे ही शक्यता विद्यार्थ्याच्या नजरेसच येत नाही.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा विचार केल्यास हे गृहीतक अधिकच तोकडे ठरते. पाटण-जावळीचे माथाडी कामगार मुंबई व नवी मुंबईत, खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत, आणि गळीत हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठच्या फडांत. येथे विषाणू येतो तो माणसांच्या ठराविक वाटांनी आणि ठराविक महिन्यांत. सर्व माणसे एकमेकांत सारखीच मिसळतात असे मानणाऱ्या आज्ञावलीत या वाटांना जागा नाही. 2021 मध्ये डेल्टा उपप्रकाराची लाट मुंबईत ओसरल्यावरही या दोन जिल्ह्यांत रेंगाळली. 2 ऑगस्ट 2021 च्या शासन आदेशाने ज्या 11 जिल्ह्यांतील निर्बंध कायम ठेवले, त्यांत सातारा व सांगली होते. एकाच राज्यात, एकाच उपप्रकाराची अशी भिन्न वेळापत्रके एका वक्ररेषेत कशी मावणार?

'पूर्ण संरक्षण' हे गृहीतकही तपासावयास हवे. नोव्हेंबर 2021 मध्ये नामकरण झालेला ओमिक्रॉन आधी बाधा होऊन गेलेल्यांना आणि लस घेतलेल्यांनाही गाठू शकला. त्याच्या वेगवान प्रसाराचा मोठा भाग या चुकवाचुकवीचा होता. प्रात्यक्षिकात 'सक्षमता' हा एकच आकडा ठेवला की प्रसाराचा वेग आणि प्रतिकारशक्तीला चकवा या दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात.

उरतो योगायोग. साथीच्या आरंभी बाधित मोजकेच असतात आणि साखळी आपोआपच तुटू शकते. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या चौघांपासून एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यात वीसहून अधिक जण बाधित झाले. ती साखळी विलगीकरणाने व शहर बंद ठेवून तोडली गेली. तेथे माणसांनी प्रयत्न केले. आज्ञावलीत मात्र नुसत्या फाशांनीही हे घडू शकते. दोघांना संसर्ग देणारा उपप्रकार एकाच बाधितापासून सुरू झाल्यास साधारण निम्म्या वेळा विझतो. तिघांना देणारा एक-तृतीयांश वेळा.

तेव्हा एवढा बदल सुचवावासा वाटतो. संसर्ग व बरे होणे यादृच्छिक ठेवून आज्ञावली एकदा न चालवता 100 वेळा चालवावी, दुसऱ्या उपप्रकाराच्या प्रवेशाचा दिवस बदलत न्यावा, आणि एका लोकसंख्येऐवजी वाहतुकीने जोडलेले चार-पाच तालुके घ्यावेत. एकाच लोकसंख्येत, दोन्ही उपप्रकार एकाच दिवशी एकेका बाधितापासून सुरू केले तरीही, सुमारे 16 ते 17 खेपांत दुबळा उपप्रकार एकटाच तग धरतो. या खेपांचे स्पष्टीकरण प्रात्यक्षिक-वहीत मागावे आणि गुणही त्याच स्पष्टीकरणाला द्यावेत.