गतिमान स्मृतिवाटप आणि बचतीचा हिशेब : एक चिकित्सा

ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८) या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात ओळी वर्णानुक्रमे लावणारा प्रोग्रॅम आहे. त्यात ओळींची मर्यादा ५०००, तर एका ओळीची १००० अक्षरे आहे. त्यासाठी द्विमितीय ॲरे घेतला असता तर ५० लाख बाइट अडकून पडले असते. लेखकद्वयाने केवळ पॉइंटरांचा ॲरे राखून प्रत्येक ओळीस तिच्या लांबीइतकीच जागा दिली. हे या उदाहरणाचे सामर्थ्य होय.

मात्र ही जागा देणारे ‘अलॉक’ हे फंक्शन ती १०,००० बाइटांच्या स्थिर ॲरेतूनच देते; म्हणजे मर्यादा नाहीशी होत नाही, केवळ स्थलांतरित होते. ‘मॅलॉक’ची प्रत्यक्ष रचना आठव्या प्रकरणात येते. तेथे प्रत्येक तुकड्यास नोंदीसाठी शीर्षभाग जोडावा लागतो. आजच्या ६४-बिट संगणकावर तो सामान्यतः १६ बाइटांचा होत असल्याने दहा अक्षरांची ओळ ३२ बाइट व्यापते.

सारांश, गतिमान वाटपाने बचत आपोआप होत नाही. ती गरजेच्या मोजमापातून होते. अध्यापन ‘मॅलॉक’च्या वाक्यरचनेपाशी थांबल्यास विद्यार्थ्यास हा हिशेब उमगत नाही. म्हणून ही दोन्ही प्रकरणे एकत्रितपणे शिकविणे अगत्याचे ठरते.