ईयोबाचा नकार आणि त्याचे मेलेले चाकर

निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का यावे, हा प्रश्न प्राचीन हिब्रू धर्मसाहित्यात सर्वांत धीटपणे मांडला तो ‘ईयोब’ या ग्रंथाने. बायबलच्या जुन्या करारातील हा ग्रंथ इ. स. पूर्व ६ व्या ते ४ थ्या शतकातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सबुरीचा धडा म्हणून तो वाचण्याची प्रथा आहे. मला तो नकाराचा ग्रंथ वाटतो. त्या नकाराची मर्यादाही मला त्यातच दिसते.

ऊस नावाच्या देशातला ईयोब ७००० मेंढरांचा, ३००० उंटांचा धनी आणि सचोटीचा माणूस. हा काही फुकट देवाला भजत नाही, असा संशय सैतान देवाच्या दरबारात घेतो आणि ईयोबाची परीक्षा सुरू होते. एका दिवसात गुरे, चाकर, दहा मुले जातात. पुढे सर्वांगावर फोड उठतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र येऊन सात दिवस, सात रात्री मुकाट्याने त्याच्याजवळ बसतात. त्यांच्या हातून झालेली एवढीच बरी गोष्ट. नंतर ते बोलू लागतात.

त्यांचे म्हणणे सरळ आहे : देव न्यायी आहे, तेव्हा ज्याला दुःख झाले त्याने पाप केलेच असले पाहिजे. ईयोब म्हणतो, माझे पाप दाखवा. ते दाखवता येत नाही, तेव्हा २२ व्या अध्यायात अलीफज पापे रचतो : तू तहानेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाती परत पाठवलेस. सिद्धांत वाचवण्यासाठी माणसाला गुन्हेगार ठरवण्याची ही रीत आपल्या चांगल्या ओळखीची आहे. फरक एकच. आपल्याकडच्या कर्मविपाकाने पाप मागच्या जन्मात ढकलले. तिथे साक्षीदार नाही, पुरावा नाही, म्हणून तक्रारीला जागाही नाही. ईयोबाजवळ हा एकच जन्म आहे. म्हणूनच ३१ व्या अध्यायात तो आपल्या आयुष्याचा हिशेब कलमवार मांडतो आणि देवाकडे उत्तर मागतो.

अखेर देव वावटळीतून बोलतो. तो समुद्र, तारे, रानटी जनावरे दाखवतो; न्यायाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. मात्र मित्र चुकीचे बोलले आणि ईयोब बरोबर बोलला, असा निवाडा तो देतो. धर्माची वकिली करणारे धर्मग्रंथातच दोषी ठरतात, ही लहान गोष्ट नव्हे.

पण हा निरपराध माणूस कोण आहे? तो मालक आहे. उपाशीपोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणारे, तहानलेले राहून द्राक्षकुंड तुडवणारे मजूर त्याला २४ व्या अध्यायात दिसतात. ज्याने मला गर्भात घडवले त्यानेच माझ्या दासाला घडवले, हेही तो जाणतो. तरीसुद्धा ३० व्या अध्यायात, गावाबाहेर हाकललेल्या, बिळांत राहणाऱ्या, मुळे खाऊन जगणाऱ्या लोकांबद्दल तो बोलतो, तेव्हा त्यांच्या बापांना आपल्या कळपाच्या कुत्र्यांजवळही बसवले नसते, असे त्याच्या तोंडून निघते. तो शब्द मला आजही बोचतो. स्वतःवर अन्याय झाला म्हणून माणूस आपोआप दुसऱ्याचा होत नाही.

शेवट तर अधिकच बोलका आहे. मेंढरे १४००० होतात, उंट ६०००. पुन्हा सात मुलगे, तीन मुली होतात. तलवारीने आणि आगीने मेलेल्या चाकरांचा उल्लेखही नाही. त्यांनी कोणते पाप केले होते, हे मित्र विचारत नाहीत, ईयोब विचारत नाही, देवही सांगत नाही. दर संकटातून एक माणूस वाचतो, तो मालकाला नुकसानीची खबर देण्यापुरता. नंतर ग्रंथाला त्याची गरज उरत नाही.

निरपराधाच्या दुःखाची चर्चा वर्गात आणि अभ्यासमंडळांत होते, तेव्हा ईयोबाचा नकार जरूर शिकवावा. तो आपल्या कामाचा आहे. पण ती चर्चा त्या खबर आणणाऱ्या चाकरापासून सुरू करावी. आपल्या मेलेल्या सोबत्यांविषयी त्याला काय म्हणायचे होते, हे अजून कोणी विचारलेले नाही.